शिक्क्याचे भांडण, वाट्याचा प्रश्न

बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. बोली तीच, सेवालाल महाराज तेच, पोहरादेवीच्या यात्रेला निघणारी माणसेही तीच. हद्द ओलांडली की दाखला मात्र बदलतो. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत, आज तेलंगणात असलेल्या, आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, आणि वीस वर्षांनी, १९७६ च्या कायद्याने, तिकडचा लंबाडा म्हणजे आपल्याकडचा बंजारा अनुसूचित जमातींच्या यादीत आला. त्या एका नोंदीने गोंड आणि लंबाडा हे दोन शेजारी एकाच रांगेत उभे राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये आदिलाबादच्या उटनूर भागात या ताणाने हिंसेचे रूप घेतले, जमावबंदी लागू करावी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. आता हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दारात उभा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार राज्य शासनाने मान्य केला आणि त्याच गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजाचे अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी मोर्चे निघाले. त्यांना विरोध करायला आदिवासींचेही मोर्चे निघाले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये धनगरांच्या अशाच मागणीला विरोध म्हणून विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली होती. आदिलाबादेत काय घडले आणि का घडले, हे नीट समजून न घेता आपण तीच वाट धरली आहे. म्हणून पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये नाव मिळवलेल्या एका सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा विचार आज इथे मांडावासा वाटतो.

हेन्री ताजफेल यांचा जन्म १९१९ मध्ये पोलंडमधल्या व्लोत्स्लावेक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. शिकायला ते फ्रान्सला गेले, रसायनशास्त्र घेतले, महायुद्ध सुरू होताच फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. पुढली पाच वर्षे युद्धकैद्यांच्या छावण्यांत गेली. ते ज्यू आहेत हे जर्मनांना ठाऊक होते. पण नोंद फ्रेंच सैनिक अशी असल्यामुळे युद्धकैद्याचा दर्जा टिकला आणि जीव वाचला. पोलिश ज्यू अशी नोंद झाली असती तर पहारेकऱ्यांशी कितीही चांगले संबंध असते, स्वभाव कितीही गोड असता, तरी काही उपयोग झाला नसता, हे त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. युद्ध संपल्यावर परत आले तेव्हा घरचे जवळजवळ कुणीच उरले नव्हते. काही वर्षे त्यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाचे काम केले, १९५१ मध्ये ब्रिटन गाठले, पस्तिशीत मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९६७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. माणूस कसा आहे यापेक्षा तो कोणत्या रकान्यात आहे यावर त्याचे मरण-जगणे ठरू शकते, हे या माणसाने अंगावर सोसले होते. त्या काळचे मानसशास्त्र पूर्वग्रहाचे मूळ व्यक्तीच्या बिघडलेल्या स्वभावात शोधत होते. लाखो सभ्य, कुटुंबवत्सल माणसे एकाच वेळी एका गटाविरुद्ध का जातात, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते, आणि ताजफेल यांना तेच हवे होते.

त्यांचे पहिले महत्त्वाचे काम माणसांवर नव्हते, रेषांवर होते. १९६३ मध्ये विल्क्स या सहकाऱ्यासोबत त्यांनी लोकांना ठरावीक प्रमाणात वाढत जाणाऱ्या आठ रेषा दाखवल्या आणि प्रत्येकीची लांबी अंदाजाने सांगायला लावली. नुसत्या रेषा दाखवल्या तेव्हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. आखूड चार रेषांवर एक अक्षर आणि लांब चार रेषांवर दुसरे अक्षर लिहिले, तेव्हा दोन गटांच्या सीमेवरल्या शेजारच्या दोन रेषांमधले अंतर लोकांना प्रत्यक्षाहून मोठे दिसू लागले. रेषेला ना जात असते ना जमीन, तरी नाव पडताच डोळा फरक वाढवून दाखवू लागला. पुढचे काम ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर झाले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. चौदा-पंधरा वर्षांची, एकमेकांना ओळखणारी मुले. पॉल क्ले आणि वासिली कान्डिन्स्की या चित्रकारांची चित्रे चित्रकाराचे नाव न सांगता दाखवायची, आवड विचारायची आणि मग चिठ्ठी उडवल्यासारखे मुलांना एका किंवा दुसऱ्या चित्रकाराच्या गटात टाकायचे. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कुणालाच कळत नव्हते. मग प्रत्येकाने एका खोलीत एकटे बसून इतर दोघांना गुण वाटायचे; एका गुणाला पेनीचा दहावा भाग मिळणार होता. स्वतःला काहीच द्यायचे नव्हते. पानावर तेरा जोड्या होत्या. एका टोकाला आपल्या गटाच्या मुलाला ७ आणि दुसऱ्या गटाच्या मुलाला १, मधोमध दोघांना १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्याला १९ आणि परक्याला २५. आपल्या माणसाचे भले करायचे तर १९-२५ ची जोडी सरळ समोर होती. मुलांचा कल मात्र उलट्या टोकाकडे, ७-१ च्या बाजूला सरकला. १३-१३ सोडून १२-११ निवडणे म्हणजे आपल्या मुलाचा एक गुण कमी करून त्याला एका गुणाने पुढे ठेवणे. मिळकतीपेक्षा अंतर मोलाचे ठरले. बहुतेकांनी अगदी टोक गाठले नाही, न्यायाची चाड पुरती सुटली नाही, हेही ताजफेल यांनी नोंदवले आहे, आणि त्यांचा दाखला देणारे बरेच जण ते सांगायचे विसरतात.

आता आदिलाबादकडे येऊ. या जिल्ह्याचा जो अभ्यास जगाला माहीत आहे तो करणारा माणूसही एका पासपोर्टमुळेच इथे आला होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत गेला आणि त्यांच्या हाती जर्मन पासपोर्ट आला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात असल्याने ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना निजामाच्या राज्याबाहेर जायला बंदी झाली. त्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी आधी चेंचू आणि मग गोंडांमध्ये काम केले. गोंडांच्या उठावाचे नेते कुमराम भीम जोडेघाटात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले ते १९४० साल. त्या उठावाची कारणे हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारपुढे मांडली, आणि पुढे त्याच सरकारचे सल्लागार म्हणून गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळवून देण्याच्या कामात पुढाकार घेतला. जैनूरजवळच्या मार्लवाईत १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शिकवणे गोंडीत, पुस्तके देवनागरीत. हैदराबाद संस्थानातले मराठी अधिकारी सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी शिकून त्याच लोकांत काम केले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले, ही आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नसलेली पण अभिमानाची गोष्ट आहे. ते पट्टे देणाऱ्या सरकारला गोंडांविषयी प्रेम दाटून आले होते असे नाही, बंड पुन्हा होऊ नये हा त्यातला मोठा हेतू होता. तरी जमीन नावावर झाली आणि पुढल्या पिढ्यांना पाय रोवायला जागा मिळाली.

ती जागा टिकावी म्हणून कायद्याची भिंत उभी केली गेली. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये, हा आंध्रातल्या १९७० च्या १ क्रमांकाच्या नियमनाचा गाभा. आदिलाबादेत त्याला आजही लोक ‘वन-सेव्हन्टी’ म्हणूनच ओळखतात. भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे अनुसूचित जमातींच्या यादीवरून ठरायचे. १९७६ मध्ये यादी बदलली आणि कालपर्यंत बाहेर असलेला लंबाडा शेतकरी एका रात्रीत आत आला. त्याने कुणाची फसवणूक केली नव्हती. लमाणांचे, म्हणजे बंजारांचेच, तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत होते, रेल्वेने तो धंदा बुडवला, इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात त्यांच्यापैकी अनेकांवर जन्मजात गुन्हेगारीचा डाग बसला, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले. आंध्र भागातल्या त्यांच्याच बांधवांना १९५६ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा होता. तेलंगणातल्यांना तो नाकारण्याला आधार काय, हा त्यांचा प्रश्न वाजवीच होता. पण यादीत नाव घालताना जमिनीच्या भिंतीचे काय होईल, एका गटाची संख्या किती आणि दुसऱ्याची किती, शिक्षणात कोण किती पुढे आहे, याचा हिशेब कुणी मांडला नाही. आज तेलंगणातल्या अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लंबाडा आहेत. यवतमाळ-नांदेडकडून आदिलाबादेत येणाऱ्या बंजारा कुटुंबांचा ओघ त्या निर्णयानंतर कसा वाढला हे हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या पुस्तकात काळजीने लिहिले आहे. परराज्यातून आलेल्याला तिथला जमातीचा दर्जा कायद्याने मिळत नाही. पण दाखला तपासणारा तलाठी किंवा मंडल अधिकारी एकटा किती ठिकाणी पुरणार?

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत गोंड शेतकरी जमिनीच्या मागण्यांसाठी जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा आहे, लोक त्याहून बराच मोठा सांगतात. त्या दिवशीचा राग सावकारावर, व्यापाऱ्यावर, जंगलखात्यावर आणि एकूण बाहेरून येऊन जमिनी बळकावणाऱ्यांवर होता. २०१७ मध्ये रागाचे बोट प्रामुख्याने लंबाडांकडे वळलेले दिसते. मधल्या काळात सावकार गेला नाही, जंगलखातेही गेले नाही. उलट २०१२ मध्ये कवाल व्याघ्र प्रकल्प आला आणि जंगलातली वाट आणखी अरुंद झाली. तरीही बोट का वळले? ताजफेल आणि त्यांचा विद्यार्थी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात याचे उत्तर सापडते. माणूस स्वतःची किंमत बऱ्याच अंशी आपल्या गटाच्या किमतीवरून ठरवतो, आणि गटाची किंमत तुलनेने ठरते. ही तुलना कुणाशीही होत नाही. ज्याच्याशी आपली बरोबरी होऊ शकते अशा गटाशी होते. हैदराबादचा सचिव किंवा शहरातला कापूस व्यापारी गोंड तरुणाच्या तुलनेच्या पट्टीवरच येत नाही. त्याच यादीतला, त्याच वसतिगृहात राहिलेला, त्याच शिक्षकभरतीत निवडला गेलेला लंबाडा तरुण येतो. १९७६ पूर्वी हे दोघे शेजारी होते, बाजाराला एकाच रस्त्याने जात होते, पण एकाच जागेचे दावेदार नव्हते. यादीने त्यांना एकमेकांचे माप बनवले.

यावर पहिला आक्षेप असा की इथे मानसशास्त्राची गरजच काय? जमीन थोडी, नोकऱ्या थोड्या, माणसे जास्त, म्हणून भांडण. आक्षेपात तथ्य आहे, आणि सामाजिक मानसशास्त्रातही त्याची एक परंपरा आहे. तुर्कस्तानात जन्मलेले मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात बावीस मुलांचे दोन गट करून त्यांना बक्षिसासाठी झुंजवले आणि खरी टंचाई वैर कसे पेटवते हे दाखवले. पण टंचाईने सगळे उलगडत नाही. टंचाई हेच कारण असते तर वाटा वाढल्यावर भांडण निवळले असते. तेलंगणाने सप्टेंबर २०२२ मध्ये अनुसूचित जमातींचे आरक्षण सहावरून दहा टक्के केले. आदिलाबादेतली मागणी त्यानंतरही तीच राहिली, लंबाडांना यादीतून वगळा. पानावरची एकूण बेरीज वाढवली तरी नजर दोन आकड्यांमधल्या अंतरावरच खिळून राहते, हे ब्रिस्टलच्या मुलांनी दाखवून दिले होते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. २०१७ च्या आंदोलनात आमच्या गावच्या शाळांत लंबाडा शिक्षक नकोत, अशी मागणी पुढे आली, शाळांचे कामकाज विस्कळीत झाले. म्हणजे आपल्याच मुलांचे दिवस बुडाले. याला केवळ द्वेष म्हणून निकालात काढणे अन्याय होईल, कारण गोंडी न येणारा शिक्षक पहिलीच्या गोंड मुलाला काय शिकवणार, हा खरा प्रश्न त्यामागे होता. पण गोंडी येणारा शिक्षक द्या, ही मागणी आणि लंबाडा शिक्षक काढा, ही मागणी या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीचा आधार मार्लवाईच्या शाळेत आहे. दुसरी जन्म पाहते. राग वाढला की पहिली मागणी दुसरीत कधी मिसळून गेली हे मागणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरा आक्षेप ताजफेल यांच्या प्रयोगावरच आहे, आणि तो गंभीर आहे. ब्रिटनमधली पौगंडावस्थेतली मुले, दहाव्या हिश्शाच्या पेन्या आणि अमूर्त चित्रे यांचा जंगल तोडून पोडू शेती करणाऱ्या गोंडांशी काय संबंध? शिवाय त्या मुलांसमोर गटाच्या नावाखेरीज निवडीला दुसरा आधारच ठेवला नव्हता. नाव हीच एकमेव माहिती दिली तर मुले तिचाच उपयोग करणार. हे खरे आहे. या प्रयोगाच्या अनेक देशांत पुनरावृत्ती झाल्या आणि परिणाम पुन्हा पुन्हा दिसला, पण त्याच्या मर्यादाही दिसल्या. गुणांऐवजी शिक्षा वाटायला लावली की भेदभाव उतरतो. अमेरिकी संशोधक मॅरिलिन ब्रूअर यांनी दाखवून दिले की आपल्यांना झुकते माप देणे आणि परक्यांचा द्वेष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीतून दुसरी आपोआप उगवत नाही. मला या मर्यादांमुळे ताजफेल अधिक उपयोगी वाटतात. नावाने आपपरभाव येतो, पण वैर यायला आणखी काही लागते: अन्याय झाल्याची भावना, स्थिती बदलू शकते ही आशा किंवा भीती, आणि हे कुणीतरी मुद्दाम घडवले असा संशय. ताजफेल आणि टर्नर यांच्या शब्दांत गटांचा दर्जा अन्याय्य आणि अस्थिर वाटू लागला की संघर्ष पेटतो. आदिलाबादेत हे सगळे एकत्र आले. लंबाडांचा समावेश दुरुस्तीच्या नावाखाली गपचूप झाला अशी गोंडांची भावना आहे. मिळालेला दर्जा उद्या काढून घेतला जाईल अशी लंबाडांना धास्ती आहे. एकाला अन्याय दिसतो, दुसऱ्याला धोका, आणि दोघांचीही भावना त्यांच्या जागी प्रामाणिक आहे.

मग नावे आणि याद्याच पुसून टाका, म्हणजे भांडण मिटेल, असे काही जण म्हणतील. हा युक्तिवाद महाराष्ट्रात फार आवडीने केला जातो आणि ताजफेल यांच्या तोंडी तो घालणे सर्वांत मोठी चूक ठरेल. यादी नव्हती तेव्हा गोंडांची जमीन सुरक्षित होती का? कुमराम भीम कोणत्याही यादीसाठी लढले नव्हते, जमीन आणि जंगलासाठी लढले होते. यादी आल्यावरच त्या जमिनीला निदान कागदावर कवच मिळाले. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांची शंभर टक्के पदे स्थानिक आदिवासींना राखून ठेवणारा २००० सालचा शासन निर्णय रद्द केला. त्याचा फटका गोंडालाही बसतो आणि लंबाडालाही. खाली दाबलेला गट आपले नाव अभिमानाने घेऊन उभा राहिला तरच अन्यायाविरुद्ध एकत्र येऊ शकतो, हे ताजफेल यांच्या मांडणीतले मोलाचे सूत्र आहे. केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेसराम कुळाचे लोक पायी चालत गोदावरीचे पाणी आणतात, पुष्य अमावस्येला पूजा होते, आणि १९४० च्या दशकापासून तिथे दरबार भरतो, जिथे अधिकाऱ्यांना गोंडांपुढे बसून तक्रारी ऐकाव्या लागतात. मेसरामांनी नवे मंदिर आपापसात वर्गणी काढून बांधले. मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. आपल्यापाशी मोलाचे काही आहे ही जाणीव दुसऱ्या कुणाला खाली न ओढता वाढू शकते. अशी नावे पुसायची असतील तर आधी अन्याय पुसावा लागेल.

आणखी एक सूचना सद्‌भावना मेळाव्यांची असते: दोन्ही समाजांना एकत्र आणा, ओळख वाढवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, काम एकत्र हवे आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा संपर्काचा फायदा होतो हे दिसले, आणि या अटी पाळल्या तर अधिक होतो हेही. उटनूरच्या आठवडी बाजारात गोंड आणि लंबाडा कित्येक दशके एकमेकांना भेटत आले आहेत, त्याने २०१७ टळले नाही. कापसाच्या हंगामात मात्र दोघांचे हित खरोखर एक होते. आदिलाबादच्या बाजार आवारात गाडी लागली की कापसात ओलावा किती यावर सगळे ठरते. बारा टक्क्यांच्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही, आणि मग खासगी व्यापारी म्हणेल तो भाव. तिथे यंत्राचा आकडा गोंडाचा कापूस आणि लंबाडाचा कापूस असा भेद करत नाही. अशा प्रश्नांवर एकत्र उभ्या राहणाऱ्या संघटना वाढल्या तर मला आशा वाटते. पण त्या शासनाने घडवून आणायच्या नसतात, आणि यादीचा हिशेब त्यांच्या डोक्यावर टाकून शासनाला मोकळेही होता येत नाही.

ताजफेल यांच्याविषयी एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. रूपर्ट ब्राऊन यांनी लिहिलेल्या चरित्राच्या निमित्ताने हे ठळकपणे पुढे आले की त्यांनी आपल्या विभागातल्या तरुण स्त्रियांशी लैंगिक छळाचे वर्तन केले होते. २०१९ मध्ये युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, जिच्या स्थापनेत ते स्वतः होते, त्यांच्या नावाच्या पदकाचे नाव बदलले. तो निर्णय योग्यच होता. दुबळ्या गटाला कसे वागवले जाते यावर आयुष्य वेचणाऱ्या माणसाला स्वतःच्या सत्तेचा हा वापर दिसला नाही, आणि त्यांच्या प्रयोगांत स्त्री-पुरुष या जगातल्या सर्वांत जुन्या गटभेदाला जवळजवळ स्थान नाही, या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या वाटत नाहीत. आदिलाबादच्या वादातही लंबाडांच्या तांड्यावरली आणि गोंडांच्या गुड्यावरली स्त्री कुठेच बोलताना दिसत नाही. सिद्धान्त वापरताना त्याच्या कर्त्याला जे दिसले नाही ते आपण पाहायला हवे.

आता करायचे काय? सध्या वाद ‘लंबाडा खरे आदिवासी आहेत का’ या प्रश्नावर अडकला आहे. ओळखीवर चाललेल्या भांडणात तडजोड होऊच शकत नाही, कारण एका बाजूने होकार दिला की दुसऱ्या बाजूचे अस्तित्वच नाकारले जाते. वाट्याच्या भांडणात तडजोड होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि एप्रिल २०२५ पासून तेलंगणानेच अनुसूचित जातींसाठी ते अमलात आणले. जमातींसाठीही अशीच वाटणी, गोंड, कोलाम, थोटी, परधान आणि लंबाडा यांची लोकसंख्या, शिक्षण आणि आजवर मिळालेल्या जागा पाहून, केली तर कुणाच्या आदिवासीपणावर शिक्कामोर्तब करायची किंवा तो खोडायची गरजच उरणार नाही. कोलाम आणि थोटी तर इतके थोडे आहेत की गोंड-लंबाडांच्या भांडणात त्यांचे नावही ऐकू येत नाही. वाटणीत खरा लाभ त्यांचा होईल. यावर कुणी म्हणेल की आणखी कप्पे केल्याने आणखी भिंती उभ्या राहतील. कप्पा कमी-जास्त झाल्याने वैर कमी-जास्त होत नाही. आपला वाटा उचित रीतीने ठरला आहे असे वाटते की नाही, यावर ते ठरते. वाटा ठरलेला असेल तर शेजाऱ्याची प्रगती आपल्या ताटातला घास वाटत नाही. जमिनीच्या बाबतीतही हेच: वन-सेव्हन्टीच्या आत स्थानिक आणि परराज्यातून आलेला हा भेद तपासणारी यंत्रणा हवी, आणि त्यात जुन्या लंबाडा तांड्यांना त्रास होता कामा नये, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आहेत.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न याहून सोपा नाही. इथे अनुसूचित जमातींचा वाटा सात टक्के आहे, बंजारा ज्यांत मोडतात त्या विमुक्त जातींचा तीन टक्के. बंजारांच्या तांड्यांत दारिद्र्य आहे, ऊसतोडीसाठी घरदार सोडून जाणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण जुन्या गॅझेटमधली एक ओळ दाखवून यादी बदलायची आणि परिणाम नंतर पाहायचे, हा प्रयोग आदिलाबादने आपल्यासाठी करून ठेवला आहे. यादीला हात लावण्याआधी शासनाने एक काम करावे: गेल्या तीस वर्षांत अनुसूचित जमाती आणि विमुक्त जातींच्या राखीव जागांवर कोणत्या समाजाच्या किती जणांना नोकरी, वैद्यकीय प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मिळाली, याचे आकडे तालुकावार जाहीर करावेत. ही माहिती सरकारी दप्तरांत नोंदलेली असणार, ती एकत्र आणायची इच्छा हवी. गोंड, कोलाम, भिल्ल, वारली, बंजारा आणि धनगर अशा सगळ्यांच्या प्रतिनिधींनी ते आकडे एकाच टेबलावर पाहावेत, आणि त्यानंतरच ही मागणी केंद्राकडे पाठवायची की महाराष्ट्रातच वाटणी बदलायची, यावर निर्णय व्हावा.